बोर्डामागची पाल

आमच्या आळीत वीज नवीनच आली होती, तेव्हाची ही गोष्ट. शेजारच्या सोपानरावांच्या न्हाणीत बोर्डामागे एक पाल राहायची. तिथल्या वायरी उघड्या पडल्या होत्या.

"अहो, बटणाला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमनला बोलवा ना," यमुनाबाई म्हणाल्या.

"मी चिकटपट्टी लावलीय की. काही होत नाही."

"होईल, होईल," पाल आतून कळवळून ओरडली.

माणसांना ऐकू आली ती नुसती चुकचुक. पाल चुकचुकली की बोललेलं खरं, असं त्या घरात मानत. सोपानराव खूश झाले. "बघ, पालसुद्धा हो म्हणाली."

रोज हेच चाले. पाल पळून गेली असती, पण तिची अंडी तिथेच होती. एका संध्याकाळी आणखी जवळ जाऊन सांगावं म्हणून ती उघड्या वायरींवरून निघाली आणि झटका बसून तिथेच चिकटून राहिली.

सकाळी यमुनाबाईंचा ओला हात बटणापाशी थबकला. "लावू ना?"

"लाव गं. काही होत नाही."

दोघांनी सवयीने कान दिला. पाल बोलली नाही. भिंत मात्र हलकेच गुणगुणत होती. यमुनाबाईंनी हात मागे घेतला.

नुकतेच न्हालेले सोपानराव हसले आणि स्वतःच बटणाकडे वळले.