न मोडलेलं मेण

राजे गाऱ्हाणी ऐकत असत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट.

एका नगरीत राजवाड्यासमोर मोठा रांजण होता. गाऱ्हाणं ताडपत्रावर लिहायचं, मेणाने बंद करायचं आणि त्यात टाकायचं. ते उघडायचा अधिकार एकट्या प्रधानाचा. आणि प्रधान तर कधीच काही वाचत नसे.

एका विणकराला याची चीड आली. त्याने रांजण भर बाजारात आणून फोडला. "बघा! एकाही पत्राचं मेण मोडलेलं नाही!"

नगरीचा दवंडीवाला तिथेच होता. इतकी मोठी बातमी त्याच्या हलगीला कधी मिळाली नव्हती. प्रधानाचा गुन्हा त्या न मोडलेल्या मेणातच दिसत होता. पण गर्दी ओरडली, "वाच की गड्या, आत काय आहे ते!"

त्याने एकेक पत्र फोडून नावानिशी वाचायला सुरुवात केली. सोनाराने वैद्याची तक्रार केली होती, मूळव्याध बरी होत नाही म्हणून.

"तरीच मेला दुकानात उभा असतो!" कुणी तरी म्हणालं. बाजार खदखदून हसला.

त्याच झोकात त्याने पुढचं पत्र वाचलं. "नवरा जीव घेईल म्हणून पळून आले आहे. तेलघाण्यामागे बहिणीकडे लपले आहे. मला वाचवा." खाली नाव होतं. तेही त्याने खणखणीत आवाजात वाचलं.

या वेळी कुणी हसलं नाही. गर्दीतून एक माणूस तेवढा तरातरा निघाला.

आपण काय वाचलं, ते दवंडीवाल्याला तेव्हा कळलं. हलगी टाकून तो धावला. पोहोचला तेव्हा दार मोडून पडलं होतं, तव्यावर भाकरी करपत होती. बहीण एकटीच उभी होती.

"तुझा आवाज इथवर आला. ती मागच्या दाराने पळाली. कुठे, ते मला सांगितलं नाही. बरं झालं. नाही तर तेही तू वाचलं असतंस."

"ताई, मी एक अक्षर खोटं वाचलं नाही."

"खरं होतं, म्हणून तर तो नेमका इथे आला."

दवंडीवाल्याची मान खाली गेली, ती पुन्हा वर आली नाही.

प्रधान बदलला. नवा रांजण आला. नवा प्रधान तो रोज उघडतो, पण आत एकही पत्र नसतं. दवंडीवाला दिसला की बाया बोलता बोलता गप्प होतात. त्या बाईचं नाव त्याने पुन्हा उच्चारलं नाही. म्हणून या गोष्टीतही ते नाही.

तात्पर्य: अन्याय करणाऱ्याला जरूर उघडं पाडा, पण त्यासाठी अन्याय सोसणाऱ्यांची गुपितं चव्हाट्यावर मांडू नका.