एका डब्यात दोन लिनक्स

आमच्या वाचनालयात कॉम्प्युटर एकच. तो चालवणाऱ्या जुन्या लिनक्स प्रणालीवर गावच्या पोरींचं वर्षभराचं काम. नव्या शिकवणीला दुसरी लिनक्स हवी होती. माझी नात रेवती म्हणाली, “जुनीची जागा थोडी आवळते, मोकळ्या जागेत नवी बसवते.”

अध्यक्ष भाऊराव गुरकावले, “एका घरात दोन कारभार चालत नसतात! जुनी पुसून टाक.”

पोरगी रडकुंडीला आली. मग मीच तोंड उघडलं.

“भाऊराव, धाकट्या भावापासून वेगळे झालात, तेव्हा त्याला पुसलंत काय? खोल्या आवळल्यात, मधे भिंत घालून दोन चुली मांडल्यात. दार एकच, म्हणून पाहुण्याला दारातच विचारता, कुणाकडे आलात? चालू होताना हा डबाही तेवढंच विचारणार, जुनी की नवी?”

लोक हसले. भाऊराव चपला शोधू लागले.

“बसव गं,” मी मोठ्यानं म्हणालो, “फक्त भिंत यांच्यासारखी धाकट्याच्या खोलीत सरकवू नकोस!”