देवीच्या खांद्यावरचा चीक

या, आत या. चपला बाहेर राहू द्या, इथं कुणी नेत नाही. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ते काळे डाग दिसतात ना? डावीकडे एक, उजवीकडे एक. येणारा प्रत्येक जण मला विचारतो, गुरव, देवीला समईची काजळी लागलीय, पुसत का नाही? अहो, काजळी असती तर माझ्या आजोबांनीच पुसली असती. तो फणसाचा चीक आहे. आम्ही गुरवांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, मला विचारू नका. मी आजोबांकडून ऐकलं, त्यांनी त्यांच्या आजोबांकडून.

आमचा वरकातळ गाव बघितलात येताना. पाय टाकाल तिथं जांभा दगड. खणायला जाल तर कुदळीचं तोंड वाकडं होईल. पूर्वी इथं कुणाच्या दारात झाड म्हणून नव्हतं म्हणे. देवळाखालच्या उतरणीवर आवडाई नावाच्या बाईचं घर होतं. नवरा गेलेला, मुलगा भिवा गलबतावर खलाशी. तो आठ महिने समुद्रात आणि चार महिने घरात. या आवडाईनं काय करावं? दारापुढच्या कातळात एक खळगा होता. खाली नदीवर धुणं धुवायला जायची, तेव्हा येताना डोक्यावर मातीची एक पाटी घेऊन यायची. रोज एक. अशी बारा वर्षं माती वाहून तिनं तो खळगा भरला. दारात फणस लावायचा, हा तिच्या नवऱ्याचा शब्द होता. ज्या घरापुढे सावली नाही त्या घरी पाहुणा टेकत नाही, असं तो म्हणायचा.

खळगा भरला त्या वर्षी भिवाचं लग्न झालं. सून आली, तिचं नाव साळू. पोरगी कामाला वाघीण, जिभेलाही तशीच. माहेराहून येताना तिनं एका ओल्या फडक्यात तोंडलीच्या वेलीची काडी गुंडाळून आणली होती. तिच्या आईच्या मांडवावरची. घरात पाऊल टाकल्यावर पाणी प्यायच्या आधी तिनं विचारलं म्हणे, "आत्याबाई, ही लावू कुठं?"

आवडाईनं अख्ख्या अंगणावर नजर फिरवली. जागा होती कुठं? एकच खळगा.

तिथून जी जुंपली ती जुंपली. आवडाई म्हणायची, फणस एकदा उभा राहिला की चार पिढ्या बघायला नको. कोवळा असताना कुयरीची भाजी घ्या, पिकला की गरे खा, आठळ्या पावसाळ्याला ठेवा, पाला शेळीला घाला, वर सावली फुकट. वेलीचं काय, वेल म्हणजे पाहुणी, दुसऱ्याच्या आधारानं उभी राहणारी. साळू म्हणायची, तुमचा फणस सात-आठ वर्षांनी धरणार, तोवर काय त्याच्याकडे बघून भात गिळायचा? माझी वेल तीन महिन्यांत कालवणाला तोंडली देईल, आणि एकदा लागली की वर्षानुवर्षं देत राहील. भूक आज लागते आत्याबाई, आठ वर्षांनी नाही लागत.

खरं सांगू? दोघींचंही बरोबर होतं. म्हणून तर भांडण मिटेना. गावानंही आगीत तेल ओतायचं काम चोख केलं. पुरुष झाडाच्या बाजूला, बायका वेलीच्या. दोन्ही एकाच खळग्यात लावा म्हणणारा एक निघाला, तर जाणत्यांनी त्याला गप्प केलं. एका म्यानात दोन तलवारी राहात नाहीत, वेल कोवळ्या झाडाला गळफास लावते, असं त्यांनी सांगितलं. होता होता वैशाख आला. काडी तोवर साळूनं पाण्याच्या लोट्यात जगवली होती. पाऊस तोंडावर. लावायचं ते आता, नाहीतर पुढच्या वर्षी. तेव्हा साळूनं शेवटचं सांगून टाकलं. "माझ्या वेलीला जिथं जागा नाही तिथं मला तरी कुठली? मी माहेरी जाते. भिवा आला की सांगा त्याला."

आवडाई म्हणाली, "जा की." म्हणाली खरी. पण ती गेली तर त्या घरात बोलायला भिंतीच उरणार होत्या.

मग ठरलं की देवीला कौल लावायचा. आमच्याकडची रीत अशी. देवीच्या दोन खांद्यांवर पाण्यानं भिजवून दोन फुलं चिकटवायची, ज्याचं फूल आधी गळेल त्याच्या बाजूनं देवी. आणि फुलं ज्यांचा प्रश्न त्यांनीच घरून आणायची. झाडासाठी आवडाईनं नदीकाठावरून लाल जास्वंद आणली, वेलीसाठी साळूनं पांढरी तगर. दोन्ही फुलं एकाच ताटात केळीच्या पानाखाली झाकून ठेवली, कारण घर एकच आणि ताटही एकच. त्याच सकाळी आवडाईनं बियाण्याला म्हणून बहिणीकडून आणलेला फणस दोघींनी मिळून फोडला होता. फणस फोडताना चीक काठीला गुंडाळून ठेवतात, तशी चिकाची काठी चुलीपाशी उभी होती.

आवडाई विहिरीवर गेली. साळूनं इकडेतिकडे बघितलं, बोटावर चीक घेतला आणि जास्वंदीच्या पाठीला चोपडला. आता गळ म्हणावं. थोड्या वेळानं साळू गोठ्यात गेली. आवडाईनं पान उचललं, आणि तगरीच्या पाठीला चीक चोपडला. वय झालं होतं, नाहीतर दुसऱ्या फुलाची चकाकी तिला तेव्हाच दिसली असती.

त्या वेळचा गुरव धाकू, आमच्याच घराण्यातला. त्यानं फुलं हातात घेतली, भिजवली, देवीच्या खांद्यांवर दाबली. त्याला चीक कळला नसेल, हे मी मरेपर्यंत मानणार नाही. पण तो खाली बसला आणि सगळ्यांना म्हणाला, बसा.

सगळा गाव बसला. साळू आपलं गाठोडं घेऊनच आली होती, कौल विरुद्ध गेला तर इथूनच परस्पर वाटेला लागायचं म्हणून. गाठोड्याच्या वरती वेलीची काडी. एक प्रहर गेला. फूल हलेना. दुपार झाली. वाऱ्यानं समई विझली, पण फूल हलेना. लोकांच्या पोटात कावळे कोकलायला लागले, उठायची मात्र छाती कुणाची होईना. म्हाताऱ्या कुजबुजल्या, देवी कोपली. त्या दोघींचे चेहरे उतरले. कारण प्रत्येकीला आपलं पाप ठाऊक होतं, दुसरीचं नव्हतं.

उन्हं कलली तशी सभामंडपातून आवडाईच्या तोंडावर आली. साळू उठली आणि उन्हाच्या बाजूला जाऊन बसली, म्हातारीवर तिची सावली पडली. पुढं आवडाईला कुणी प्यायला पाणी दिलं. तिनं एक घोट घेतला आणि बाकीचं त्या गाठोड्यावरच्या काडीवर शिंपडलं. काडी सुकायला लागली होती. साळूनं ते बघितलं आणि मान खाली घातली. धाकू गुरव समईच्या आडून दोघींकडे बघतच होता, असं सांगतात.

मग तो उठला. म्हणाला, "देवीचं म्हणणं असं, की फुलं आता हातानं काढायची. पण आपलं आपण नाही. एकीचं दुसरीनं."

दोघी पुढे झाल्या. साळूनं जास्वंद ओढली, आवडाईनं तगर. फूल सुटलं, पण मागं चिकाची तार निघाली, ही एवढी लांब. दोघींची बोटं बरबटली. आवडाई स्वतःच्या बोटाकडे बघते, सुनेच्या बोटाकडे बघते. साळूचंही तेच. आणि मग आवडाईला हसू आलं. आवरेचना. म्हणाली, "अगो, तू पण?"

साळू हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "आत्याबाई, मला नव्हतं हो जायचं."

"मग मला तरी कुठं धाडायचं होतं?" आवडाई म्हणाली. "आण ती काडी इकडे. सुकली तर माझी विहीण मला काय म्हणेल?"

चीक पाण्यानं निघत नाही, माहीत असेल तुम्हाला. धाकूनं समईतलं खोबरेल पुढं केलं. आपापल्या बोटाला लावावं तर दोन्ही हात बरबटतात, म्हणून सासूनं सुनेच्या बोटाला तेल चोळलं आणि सुनेनं सासूच्या. देवीच्या खांद्यांवरचा चीक मात्र धाकूनं राहू दिला.

त्याच संध्याकाळी खळग्यात एका कडेला फणसाची आठळ गेली, दुसऱ्या कडेला तोंडलीची काडी. जाणत्यांनी मान हलवली. पण साळूनं वाळक्या काटक्यांचा मांडव घातला, वेल त्याच्यावर चढली, आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांत कातळ तापून लाल झाला तेव्हा तिच्याच सावलीत फणसाचं रोप जगलं. पुढं फणस मांडव फोडून वर निघाला आणि वेल त्याच्या अंगावर गेली. आठव्या वर्षी फणस धरला. आवडाई जन्मभर शपथा घेऊन सांगायची की आठळ काप्याची आहे, कडक गोड गऱ्यांची. निघाला बरका, मऊ लिबलिबीत. साळू चिडवायला तोंड उघडणार, तेवढ्यात म्हातारीनं गरा तोंडात टाकला. एव्हाना तिच्या तोंडात दात एकच उरला होता. म्हणाली, "देवीला सगळं कळतं गो. कापा असता तर मी काय केलं असतं?"

बाहेर उतरणीवर जो फणस बघितलात ना, तो त्याच्याच आठळीचा. त्याच्यावरची तोंडलीही त्याच काडीची.

आजही वरकातळात नवी सून आली की आधी देवळात आणतात. सासू आणि सून चिकाच्या काठीला बोट लावतात, मग एकमेकींच्या बोटाला तेल चोळतात. आपलं आपण पुसायचं नाही. गेल्या वैशाखात माझ्या मुलाचं लग्न झालं. त्याची आई जाऊन सहा वर्षं झाली. गाव म्हणाला, गुरव, यंदा रीत राहू दे. म्हटलं, का म्हणून? मीच बोट पुढं केलं. पोरीनं तेल घेतलं आणि चोळत बसली. चीक केव्हाच निघाला होता, मला कळत होतं, तिलाही कळत होतं. पण मी हात मागं घेतला नाही.

ती बघा, दारातून तीच हाक मारतेय. तुमचीही पानं मांडलीत. तोंडलीची भाजी आहे, नाही म्हणू नका.