उणीव सांगणारी आनसाबाई

नवरा गेल्यावर आनसाबाईनं पेठेत घोंगड्यांचं दुकान मांडलं. घोंगडी कुठं विरळ विणली गेलीय, ते ती गिऱ्हाइकाला आधी दाखवायची आणि मगच भाव सांगायची. हळूहळू गिऱ्हाइकं इतर दुकानांतही मालातली उणीव विचारू लागली. पेठेचे प्रमुख धोंडशेट संतापले. भर बाजारात तिला बोलावून म्हणाले, "उद्यापासून उणीव सांगितलीस, तर दुकान उठवीन!"

दुकान गेलं तर लेकरं उपाशी राहणार होती. आनसाबाई हात जोडून म्हणाली, "गप्प बसते, शेटजी. पण गिऱ्हाइकानं विचारलं, 'बाई, आज उणीव का दाखवत नाही?' तर माल निर्दोष आहे असं खोटं सांगू, की शेटजींनी तोंड बंद केलंय हे खरं सांगू?"

भोवती गिऱ्हाइकं ऐकत उभी होती. धोंडशेटांनी त्यांच्या चेहऱ्यांकडे एकवार पाहिलं.

"सांगत जा पहिल्यासारखंच," ते खाली बघत म्हणाले.