दवणसाळीचा मुडा

"एखादा दाणा तरी राहिला असेल ना, आबा? कणगीच्या तळाला, गोणीच्या शिवणीत... कुठंतरी?"

सटुप्पाआबांनी मान वर केली नाही. सोप्यात बसून ते पेंढ्याची दोरी वळत होते. समोर अवधूत उभा होता, आणि त्याला बस म्हणणारं कुणी नव्हतं.

रोहिणी नक्षत्र निघालं होतं, पेरणीचे दिवस आले होते. खालच्या खाचरात वाफे तयार होते. नव्हतं ते फक्त पेरायला बियाणं.

दवणसाळ म्हणजे त्या डोंगराकडचं जुनं भात. शिजत घातलं की चार घरांपलीकडं वास जायचा. बाकीच्यांनी केव्हाच संकरित वाण धरलं होतं. हे एकट्या आबांच्या घरात तगून राहिलं होतं.

अवधूत पुण्यात वेबसाइटी बांधायचा. नोकरी सोडून गावी आला आणि आबांच्या हाताखाली बियाणं राखायला शिकू लागला. लोंब्या निवडायच्या, उन्हं द्यायची, राखेत घोळायचं... पोरगा कामाला वाघ. पण हुशारीचा तोरा होता, तो काही पुण्यात ठेवून आला नव्हता.

आबांची एक सवय त्याला खटकायची. सुगी झाली की आबा आधी बियाण्याचा मुडा बांधत. पेंढ्यात घट्ट आवळलेला गोल गठ्ठा तो, सोप्याच्या आढ्याला टांगत. उरलेलं भात भरडून तांदूळ विकत. तो सरला की दाराशी आलेल्याला सांगत, संपलं. मुडा डोक्यावर लोंबत असायचा, गिऱ्हाईक त्याच्याकडं टकामका बघत असायचं, आणि आबा खुशाल संपलं म्हणायचे. घरात आहे आणि हे खोटं कशाला, असं अवधूतनं एकदा विचारलंही होतं. आबा नुसते हसले होते.

मग त्यानं आबांच्या तांदळाची वेबसाइट काढायला घेतली. दोन महिने खपला. पानं कागदावर आखली, खाचराचे फोटो काढले, टोपलीत टाकायचं बटण हिरवं करावं की केशरी यात तीन दिवस घातले. शिल्लक माल भरायची वेळ आली तेव्हा घरातलं सगळं भात तोलून आकडा टाकला. मुडाही तोलला. अकरा किलो भरला. त्याच्यासाठी वेगळा रकाना केला नव्हता.

आबांनी फोनवर सगळी पानं पाहिली, कौतुकानं पाहिली, आणि एकच विचारलं. "ह्यात संपलं कुठं म्हनायचं?"

अवधूत हसला. आल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणारं दुकान चालत नसतं, हे त्यानं आबांना समजावलं. चांगलं अर्धा तास समजावलं. आता ते आठवलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

चैत्रात आबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गडहिंग्लजला लेकीकडं गेले, आणि इकडं ऑर्डरींची रीघ लागली. कणगी रिकामी झाली, तरी साइट म्हणत होती, माल आहे. दिला शब्द मोडायचा कसा? बियाणं काय, पेरणीपर्यंत कुणाकडून तरी आणू, असं त्यानं गृहीत धरलं. मुडा खाली काढला, गिरणीत नेऊन भरडला आणि सुबक पिशव्यांत घालून धाडून दिला. आबा पाठ थोपटतील, असंच त्याला वाटत होतं.

आबा काळा चष्मा लावून परतले. पायरी चढताच त्यांनी आढ्याकडं पाहिलं. चष्मा काढून पुन्हा पाहिलं... मग आत जाऊन पाणी प्यायले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर अवधूतला बरं वाटलं असतं.

त्यानं गावंच्या गावं पालथी घातली. मूठभर दवणसाळ कुणाकडं निघाली नाही. गिऱ्हाइकांना फोन केले. सगळ्यांकडं तांदूळ होता, आणि तांदूळ पेरून उगवत नाही. पुण्याच्या एका बाईंनी मात्र पाचातला एक तारा कापून तक्रार लिहिली होती. तांदूळ सुरेख, पण निवडताना टरफलासकट दाणे निघाले. ती तक्रार वाचून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढे दाणे कुंडीत लावले असते, तरी दोन-चार वर्षांत पुन्हा मुडा भरला असता.

"त्या बाईंकडं होते, आबा," तो आता सांगत होता. "टरफलासकट. आठ-दहा."

आबांचे हात थांबले.

"मग?"

"गॅलरीत टाकले म्हणाल्या... चिमण्यांना."

आबांनी मांडीवरची पेंढ्याची काडी झटकली.

"खाल्लं असंल बिचाऱ्यांनी," ते म्हणाले, आणि पुन्हा दोरी वळू लागले.

अवधूत तिथंच खाली बसला. चुकलं माझं, इतकंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. पिढ्यान् पिढ्यांनी राखलेलं आपण एका दुपारी गिरणीत घातलं होतं.

आबांनी पेंढा आवळला, दोरी गुंडाळली, गाठ मारली. मुडा तयार झाला. दरवर्षी व्हायचा तसाच, गोल आणि घट्ट. आत काही नव्हतं.

तो त्यांनी अवधूतच्या हातात दिला आणि आढ्याकडं बोट केलं.

अवधूतनं सवयीनं दोन्ही हातांनी जोर लावून उचलला. मुडा एकदम वर गेला, आणि त्याचा तोल जाता जाता राहिला. त्यानं तो आकड्याला अडकवला आणि तसाच पाठमोरा उभा राहिला. वळून आबांच्या तोंडाकडं बघायचा धीर होईना.

"साइटवर लिहून टाकलं मी काल," तो कसाबसा बोलला. "संपलं म्हणून."

आबा म्हणाले, "ते असताना म्हनायचं असतं, लेका."