मागखात्याच्या खिडक्या

इंग्रजी अमदानीत सोलापूरच्या एका गिरणीत मागखात्याच्या खिडक्या कायम बंद असत. सूत ओलसर राहावं म्हणून वरून वाफही सोडत. विणकर घेरी येऊन पडू लागले, तेव्हा खिडक्या उघडा ही मागणी घेऊन युनियननं नरसय्या या विणकराला मॅनेजरकडे पाठवलं.

पंख्याखाली बसलेला हॅमंडसाहेब म्हणाला, "खिडकी उघडली की सूत तुटतं. आणि आत काही एवढं उकडत नाही."

"मग तिथंच बसून बोलू या, साहेब." नरसय्या बोलून गेला खरा, पण आता आपली नोकरी जाणार असं त्याला वाटलं.

साहेबाला नाही म्हणणं कमीपणाचं वाटलं. दुपारच्या सुट्टीत माग थांबल्यावर तो कोट-टायसकट खात्यात येऊन बसला. नरसय्यानं मुद्दामच सगळ्यांच्या घरची ख्यालीखुशाली सांगायला घेतली. साहेबाची कॉलर भिजली, तोंड लालबुंद झालं, आणि शेवटी तो ओरडला, "खिडक्या उघडा!"

"सूत तुटेल ना, साहेब."

"तुटू दे! इथं माणूस मरेल!"

नरसय्या विणकरांकडे वळला. "गड्यांनो, आपली मागणी आपण मागे घेतली. साहेबांनी आत्ता जी मागणी केलीय, तिला युनियनचा पूर्ण पाठिंबा आहे."

हसत हसत गड्यांनी खिडक्या उघडल्या. त्या पुन्हा बंद करा म्हणायला साहेबाला तोंड उरलं नाही.