निळाईचं घुंगरू

ही गोष्ट पाहिलेली कुणी नाही, पण ऐकलेली सगळ्यांनी आहे. तुमच्या-आमच्या पणजीच्या पणजीनं ती सांगितली, तशीच सांगते.

करडमाळ गाव तेव्हा पंचवीस-तीस उंबऱ्यांचं होतं. गावाबाहेर, जिथून नुसतं गवत आणि आभाळ सुरू होतं, तिथं सटवाजी आणि त्याची बायको आंबू राहत. सटवाजी पूर्वी एका सरदाराची शिकारी पाखरं सांभाळायचा. सरदार गेला, पाखरं उडाली, आणि हा आंबूला घेऊन माळावर आला. इथं त्यानं बहिरी ससाण्याची एक मादी जाळ्यात धरली. पाठ निळसर, म्हणून नाव निळाई.

असं म्हणतात, तिला हाती आणायला चाळीस दिवस लागले. तिच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी, पायात घुंगरू, आणि सटवाजीच्या हातात चामडी मोजा. मुठीवर तिला घेऊनच तो जेवायचा, घेऊनच बसायचा. घास द्यायचा तोही मुठीवरच, चिमूटभर. मग लांब दोरी बांधून शीळ घालायची, की ती यायची. एक दिवस त्यानं दोरीही सोडली. निळाई आभाळात ठिपका झाली, आणि शिळेसरशी येऊन मुठीवर बसली. तेव्हा सटवाजी लेकरासारखा रडला म्हणतात.

"काय गं आंबू," गावातली गुणाबाई चिडवायची, "सवत आणली का धन्यानं?"

"सवत परवडली असती, मावशे. तिला धुणं तरी लावलं असतं!"

त्याआधीची दोन वर्षं पावसाविना गेली होती. तिसऱ्या वर्षी जोंधळा पुरुषभर वाढला, कणसात दूध भरलं, आणि दाणे टिपणाऱ्या भोरड्या आल्या. थवा शेतात उतरला की उठेपर्यंत कणसं रिकामी. गोफणी फिरवून माणसांचे हात गळाले. मग सटवाजी निळाईला घेऊन बांधावर उभा राहिला. ती वर चढली, तिची सावली पिकावरून फिरली, आणि थवा पांगला. रोज सकाळ-संध्याकाळ तो तिला उडवी, आणि गाव तिच्या जिवावर निर्धास्त झालं.

पौषात सटवाजीला ताप भरला. आंबूनं माळावरच्या जाखाईला नवस बोलला, "धनी बरे होईपर्यंत माझ्या दारात कुणी उपाशी राहणार नाही. आधी सगळे जेवतील, मग मी." मुंग्यांना पीठ, कुत्र्याला भाकरी, वाटसरूला ताक. सगळे जेवले तरी खुंटावरची निळाई ओरडतच होती.

सटवाजीनं बजावलं होतं, "तिला पोटभर घालू नको. पोट भरलं की तिला माझं काय काम?"

पण ते ओरडणं आंबूला ऐकवेना. व्रतात मांसाला न शिवणारी ती बाई, तिनं निळाईच्या घासासाठी टोपलीखाली कोंडलेले दोन्ही लावे पक्षी तिला भरवले. मग कुठे ती स्वतः जेवली.

दुसऱ्या दिवशी सटवाजी अंगात ताप घेऊनच उठला. उडवण्याआधी रोज तो निळाईच्या गळ्याखाली चाचपून बघे, खाल्लंय की नाही. त्या सकाळी तापल्या बोटांना काही कळलंच नाही. निळाई वर गेली. तिनं एक फेरी घेतली, शीळ ऐकली, आणि वाऱ्याबरोबर निघून गेली. जोंधळ्यावर भोरड्या उतरल्या.

"काय केलंस रं सटवाजी?" गाव ओरडलं.

आंबूच्या चेहऱ्याकडे त्यानं एकदाच पाहिलं. "मीच खाऊ घातलं," तो म्हणाला. मग हळूच तिला, "तू हितंच थांब. आली तर हात पुढं कर." आणि मूठ उंच धरून, शीळ घालत तो माळावर चालू लागला.

तिसऱ्या दिवशी घुंगरू वाजलं. निळाई भुकेली होऊन परतली होती. मोजा धन्याबरोबर गेलेला. आंबूनं उघडा हात पुढं केला. नखं मांसात रुतली, पण हात हलला नाही. चिमूटभर घास दिला आणि निळाईला उडवलं. असं म्हणतात, भोरड्या उठल्या तेव्हा भरदुपारी अंधारून आलं. कापणी होईपर्यंत सात दिवस आंबू बांधावर उभी होती. धनी येतील तोवर शेत राखायचं, एवढंच तिला ठाऊक. निम्मं पीक वाचलं.

आठव्या दिवशी धनगर सांगत आले. पल्याडच्या काळ्या खडकाला टेकून सटवाजी बसला होता. डोळे आभाळात, मूठ पुढं. प्राण कधीच गेला होता. तो हात कुणाच्यानं खाली होईना. तसंच त्याला तिथं माती दिली.

आंबूनं खडकापाशी निळाईला पोटभर भरवलं, या वेळी जाणूनबुजून. पायातलं घुंगरू सोडलं. "जा बाई. आता तुला कुणी उपाशी ठेवणार नाही." मग ती गावाकडे वळली. "तेव्हा मीच तिला खाऊ घातलं होतं. धनी खोटं बोलले."

गुणाबाईनं तिचा फाटलेला हात धरला आणि कोमट पाण्यानं धुतला.

अजून पौषातल्या शेवटच्या रविवारी करडमाळच्या बाया त्या खडकाशी जातात. एकजण घुंगरू वाजवते, दुसरी उघडा हात पुढं धरते. आभाळात ठिपका दिसेपर्यंत गावात कुणी हुरडा तोंडात घालत नाही. तो दिसला की मग मुंगीपासून वाटसरूपर्यंत सगळ्यांना पोटभर. कधी दिवस कलतो, धरलेला हात भरून येतो. तेव्हा मागची बाई पुढं होते आणि त्या हाताला खालून आधार देते.

आंबूनं पाहिलेली वाट अर्धीच फळली, निळाई आली, धनी नाही. तुमची-आमची पुरी फळो.